पूर एक, प्रबंध चार

जुलै उजाडला की कोल्हापुरात पावसाची चौकशी फुटांत होते. "राजाराम किती?" एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं. पंचगंगा नदीवरच्या कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. जुन्या लोकांना तर आकडाही लागत नाही. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावर पाणी ठरावीक खुणेला टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणायचं आणि सामान माळ्यावर चढवायला घ्यायचं, ही इथली रीत. 2005 साली पाणी 50 फुटांच्या जवळ गेलं. 2019 मध्ये त्यानं 55 फूट ओलांडले आणि 2021 मध्ये पुन्हा ओलांडले.

एवढं सगळं ज्या शहराच्या अंगावर आलं, त्या शहराचा अभ्यास कमी झालाय असं कुणी म्हणू शकणार नाही. शिवाजी विद्यापीठ 1962 पासून इथं आहे. पर्यावरणशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र हे सगळे विभाग एकाच आवारात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शहरात आणि जिल्ह्यात महाविद्यालयं आहेत, त्यांत दर वर्षी प्रकल्प होतात. पंचगंगेचं पाणी तपासून झालंय, पूरक्षेत्राचे नकाशे काढून झालेत, पूरग्रस्तांच्या मुलाखती आणि नुकसानीचे हिशेबही झालेत. पण ही चार कामं एका बांधणीत, एकमेकांना प्रश्न विचारत बसलेली क्वचितच दिसतात. चार विभागांचे चार प्रबंध चार कपाटांत जातात.

मी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत भूगोल शिकवत आलोय. वेगवेगळ्या विषयांच्या मुलांना एकत्र घेऊन शहरात काम करण्याचे प्रयत्न आम्ही काही शिक्षकांनी केले, त्यातून माझं मत पक्कं झालंय. जोवर विद्यार्थ्याचे गुण फक्त त्याच्या विषयाच्या चौकटीतून येतात, तोवर 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द परिपत्रकापुरताच राहणार. वेगवेगळ्या विभागांतल्या विद्यार्थ्यांना मिळून एकच अहवाल लिहायची मुभा हवी, तो एकत्र तपासला जायला हवा आणि त्याचे श्रेयांक सगळ्यांना मिळायला हवेत. शहराच्या प्रश्नांवर संशोधन करायचं तर याहून छोट्या बदलानं भागणार नाही.

हे का म्हणतो, ते गणेशमूर्तींच्या उदाहरणावरून सांगतो.

शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प ही कोल्हापुरातली मूर्तिकामाची मोठी केंद्रं. दोन्हींकडे पुराचं पाणी येतं, आणि येतं ते नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये, मूर्ती घडवून झालेल्या आणि रंगाची वाट बघत असलेल्या असताना. या विषयावर आमच्या मुलांनी सुरुवातीला आपापल्या वाटेनं काम केलं. रसायनशास्त्राच्या मुलाचा निष्कर्ष सरळ होता: प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं, रंगांतले जड धातू पाण्यात उतरतात, म्हणून शाडू वापरावा. भूगोलाच्या मुलीचा निष्कर्षही सरळ होता: हे कारखाने पूरक्षेत्रात आहेत, ते हलवावेत. अर्थशास्त्राच्या मुलानं उचल, व्यापाऱ्यांची आगाऊ मागणी आणि वर्षाची सगळी मिळकत एका हंगामावर टांगलेली असणं, हे मांडून स्वस्त कर्जाची शिफारस केली. तिघांच्याही मांडणीत चूक काढायला जागा नव्हती. वेगवेगळ्या तपासल्या असत्या तर तिघांनाही चांगले गुण पडले असते.

मग तिघं एकाच मूर्तिकाराच्या कारखान्यात एकत्र बसले. त्यानं सांगितलं ते असं: शाडूच्या मूर्तीला वाळायला दिवस लागतात, आणि कोल्हापूरच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन नसतं. शाडू जड. रात्री पाणी वाढतंय म्हणून टेंपोत भरून हलवायची वेळ आली की हात मोडतो, सोंड तुटते. पाणी गाठलंच तर कच्च्या शाडूचा चिखल होतो, सगळा हंगाम गेला. प्लास्टरची मूर्ती भिजली तरी बरीचशी वाचते, पुसून, घासून पुन्हा रंगवता येते. "प्लास्टर हाच आमचा विमा हाय," तो म्हणाला.

हे वाक्य त्या तिघांपैकी कुणाच्याच प्रबंधात नव्हतं आणि येण्याची शक्यताही नव्हती. कारण ते रसायनशास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण पुराच्या भाषेत दिलेलं. ते ऐकल्यावर तिघांचेही निष्कर्ष बदलले. शाडूचा आग्रह धरायचा असेल तर आधी जूनपासून चतुर्थीपर्यंत उंचावर कोरडी जागा द्यावी लागेल. जागा न देता शाडू सक्तीचा केला तर नदी वाचवण्याचा सगळा भार पुरात उभ्या असलेल्या माणसावर पडतो. आणि कारखाना कायमचा हलवा म्हणणं सोपं असलं, तरी गिऱ्हाईक गल्लीत येतं हे अर्थशास्त्राच्या मुलानंच दाखवून दिलं. तेव्हा हलवायची ती साठवण, दुकान नव्हे. कोल्हापुरात मूर्तिदानाची चळवळ रुजलेली आहे, विसर्जन पंचगंगेऐवजी इराणी खणीत होऊ लागलंय. म्हणजे भाविकांनी आपल्या बाजूनं बरंच केलंय. मूर्तिकाराच्या बाजूचा विचार मात्र शाडू की प्लास्टर एवढ्यावरच अडकून बसलाय, कारण तो विचार करणारे एका वेळी एकाच विषयाचे असतात.

दुसरा अनुभव नकाशाचा. युरोपच्या सेंटिनेल-1 या उपग्रहाची रडार चित्रं फुकट मिळतात, आणि रडारला ढगांचा अडथळा नसल्यामुळे ऐन पावसातही जमीन दिसते. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोलीकडची शिवारं या चित्रांत काळीभोर, पाण्याखाली गेलेली स्पष्ट दिसतात. पण शुक्रवार पेठेच्या गल्लीत हे तंत्र थकतं. घरांच्या भिंतींवरून लहरी परत फिरतात आणि गल्लीतलं पाणी वेगळं ओळखू येत नाही. शिवाय उपग्रह आपल्या ठरल्या दिवशी वरून जातो, पाणी सर्वांत वर चढलं त्या दिवशी जाईलच असं नाही. त्यामुळे ज्या भागात माणसं सर्वांत दाटीनं राहतात, नेमका तोच भाग नकाशावर कोरा राहतो.

तो कोरा भाग भरायला माणसांना विचारावं लागतं, आणि विचारणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. भूगोलाची मुलं जाऊन विचारायची, "पाणी किती फूट होतं?" उत्तरं कुठल्या कुठं जायची. समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं प्रश्न बदलला: "गॅसची टाकी वर कधी नेली? लाईट कधी घालवली? म्हातारीला निवाऱ्याला, चित्रदुर्ग मठात कधी नेलं, दिवसा का रात्री?" लोकांना फूट आठवत नव्हते, हे सगळं मात्र तासासकट आठवत होतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी त्या दिवसांत ठरावीक वेळांनी नोंदलेली असते. आठवणीतली वेळ त्या नोंदींशेजारी ठेवली की बंधाऱ्यावर किती फूट असताना कुठल्या उंबऱ्याला पाणी लागलं हे काढता येतं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत मी पाहिलेलं हे सगळ्यात उपयोगी संशोधन आहे. भूगोलाच्या मुलीला एकटीला ते सुचलं नसतं, आणि समाजशास्त्राच्या मुलीला बंधाऱ्याच्या नोंदीशी काय करायचं हे ठाऊक नव्हतं.

त्यातून आणखी एक गोष्ट पुढं आली. सखल घर आधी बुडतं असा सगळ्यांचा समज. पण काही गल्ल्यांत नदी यायच्या आधीच गटारीतून उलटं पाणी चढलेलं होतं. जयंती नाल्याला नदीची फूग बसली की तो उलटा भरतो आणि पाणी शहराच्या पोटात शिरतं. म्हणजे गल्ल्या बुडण्याचा क्रम जमिनीच्या उंचीइतकाच गटारींच्या जाळ्यावर ठरतो. इथं स्थापत्य अभियांत्रिकीचं कुणी हवं होतं, ते आमच्याकडे नव्हतं. अभियांत्रिकीचं महाविद्यालय वेगळं, त्याचं वेळापत्रक वेगळं, त्यांचे प्रकल्प ठरायचा महिना वेगळा. काम तिथंच थांबलं.

मुलांना या कामात काय सोसावं लागतं, तेही बोललं पाहिजे. पूरग्रस्त भागात वही-पेन घेऊन गेलेला माणूस म्हणजे पंचनामा करणारा, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आपण विद्यार्थी आहोत असं तीनदा सांगून झाल्यावरही निघताना बाई विचारते, "मग मदतीचं कधी हुईल?" विशी-बाविशीच्या पोरानं यावर काय बोलायचं? काही मुलं घरी जाऊन रडली आहेत. भाडेकरूंच्या घरी तर जास्तच अवघड, कारण मदतीसाठी लागणारी कागदपत्रं बहुतेकदा मालकाच्या नावावर असतात आणि भिजलेलं सामान भाडेकरूचं असतं. अशा वेळी काय बोलावं, कोणता प्रश्न विचारूच नये, कोणतं उत्तर लिहून घेऊ नये, हे समाजशास्त्र आणि समाजकार्याचे विद्यार्थी शिकलेले असतात. पाण्याचा नमुना घ्यायला गेलेल्या विज्ञानाच्या मुलांना ते कुणी शिकवलेलं नसतं. उलट नाल्याच्या पाण्यात हातमोज्यांशिवाय उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर जवळही जायचं नाही, लेप्टोस्पायरोसिस म्हणजे काय, हे विज्ञानाच्या मुलांनी मानव्यविद्येच्या मुलांना सांगावं लागतं. शिरोळकडची एक मुलगी होती, तिचं स्वतःचं घर 2019 च्या पुरात होतं. ती गल्लीत गेली की वही उघडायच्या आधी भिंतीला हात लावून ओल बघायची. तिच्याशी लोक वेगळं बोलायचे. असं ज्ञान कुठल्याच अभ्यासक्रमात बसत नाही, आणि आपल्याकडं ते असलेली मुलं भरपूर आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो: रिक्षा, पेट्रोल, रसायनं, झेरॉक्स, सगळं मुलांच्या खिशातून जातं. गडहिंग्लज, शाहूवाडीकडून एसटीनं येणाऱ्या मुलाला पुराच्या दिवसांत कोल्हापूर गाठताच येत नाही.

आता अडथळा नेमका कुठं आहे ते बघू. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानं चार विद्याशाखा केल्या, त्यांतली चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. तिच्यात शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य असे विषय आले. ते महत्त्वाचेच आहेत, पण त्यामुळे उरलेल्या तीन शाखांमधल्या भिंती होत्या तिथंच राहिल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिला, आणि राज्यात त्यानुसार पदवीला फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभागाचा प्रकल्प, पदव्युत्तर स्तरावर संशोधन प्रकल्प आले. हे दार खरोखर उघडलंय आणि मला त्याचा आनंद आहे. पण प्रकल्प नोंदवायचा तो आपल्याच विषयात, मार्गदर्शक आपल्याच विभागातला, तपासणारा परीक्षक आपल्याच विषयाचा. एका ठिकाणी तोंडी परीक्षेत गॅसच्या टाकीचा तो प्रश्न दाखवल्यावर परीक्षकांनी "हे आपल्या विषयात बसत नाही" म्हणून ते प्रकरण गाळायला सांगितलं. विद्यार्थिनीनं गाळलं. गुण मिळाले, पण अहवालातला सगळ्यात जिवंत भाग गेला.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते हलकं नाही. आधी आपला विषय नीट येऊ दे, मग दुसऱ्याच्या दारात जा, असं जुने शिक्षक म्हणतात. अर्धवट रसायनशास्त्र आणि अर्धवट समाजशास्त्र मिळून एक पूर्ण शास्त्र होत नाही, हे त्यांचं बोलणं मला पटतं. सेंद्रिय प्रदूषण मोजायची बीओडी चाचणी करायची तर नमुना थंड ठेवायला हवा, दिवस मोजून तपासायला हवा, आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा का ठेवलीय हे कळायला हवं. गटात काम केलं म्हणून यातून सूट मिळू नये. म्हणूनच माझं म्हणणं असं की एकत्र अहवालात प्रत्येकाचा आपल्या विषयाचा भाग स्वतंत्र असावा आणि तो त्या विषयाच्या परीक्षकानंच कठोरपणे तपासावा. त्यानंतर एक प्रकरण सगळ्यांनी मिळून लिहिलेलं असावं आणि त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर असावं: दुसऱ्याच्या भागामुळं माझा निष्कर्ष कुठं बदलला? हे प्रकरण दोन विषयांच्या परीक्षकांनी एकत्र बसून तपासावं. ज्याला आपला विषय येत नाही त्याचा निष्कर्ष बदलायला मुळात निष्कर्षच नसेल, तेव्हा खोलीची कसोटी इथं आपोआप लागते.

कोणी किती काम केलं, हा वादही होतो. तो मिटवायला रोजच्या कामाची वही पुरते: कोण गेलं, कुठं गेलं, काय आणलं. प्रयोगशाळेत अशी वही असतेच, गल्लीतल्या कामालाही ती लावायची.

त्याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. गटारींचे नकाशे, पुराच्या नोंदी, सांडपाण्याचं मोजमाप ही नगरपालिकांची, महापालिकांची, पाटबंधारे खात्याची कामं, ती विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमांवर का ढकलायची? हा आक्षेप मला मान्य आहे. विद्यार्थी अभियंत्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. म्हणून देवाणघेवाण लेखी हवी. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा सरकारी यंत्रणांनी आपणहून माहिती खुली करावी असं सांगतो, तरी प्रभागाच्या गटारींचा साधा नकाशा मिळवायला मुलांना अर्जावर अर्ज करावे लागतात. यंत्रणेनं माहिती द्यावी, प्रवासाचा आणि रसायनांचा खर्च द्यावा, आणि अहवाल मिळाल्यावर त्यावर काय केलं किंवा का केलं नाही ते लेखी कळवावं. एवढं होणार नसेल तर मुलांना पाठवू नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

आणखी एक पेच कोल्हापुरात हमखास येतो, तो हद्दीचा. शहराचं क्षेत्रफळ जेमतेम 67 चौरस किलोमीटर. हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चाललाय, 2017 साली 42 गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण झालं. पण पाणी हद्द मानत नाही. कळंबा, पाचगावच्या अंगानं येणारे ओढे शहरातून जयंती नाल्यात आणि पुढं पंचगंगेत जातात, तेच पाणी पुढं इचलकरंजीकडं जातं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. गावांसाठी उन्नत भारत अभियान आहे, त्यात उच्च शिक्षणसंस्था गावं दत्तक घेतात. शहराच्या वॉर्डासाठी तसं काही नाही, आणि उचगाव, पाचगावसारखी गावं तर वस्तीनं शहर आणि कागदावर गाव. विद्यार्थ्यांचा गट अशा जागी ओढ्याच्या उगमापासून संगमापर्यंत चालत जाऊ शकतो. कुठल्याच कार्यालयाचा माणूस आपली हद्द सोडून तसा जाणार नाही, पण विद्यार्थ्यांना हद्द नसते.

जागा मात्र दर वर्षी बदलू नये. आज एक गल्ली, पुढच्या वर्षी दुसरी, असं केलं की प्रत्येक तुकडी पहिल्यापासून सुरुवात करते आणि लोक वैतागतात, "मागच्या साली पण आलतासा की तुम्ही, त्याचं काय झालं?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. एक जागा निदान पाच वर्षं धरावी. आधीच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हातात पडावी. आणि अहवाल मराठीत लिहून त्याच भागातल्या तालमीत वाचून दाखवावा. कोल्हापुरात तालीम हे कुस्तीचं ठिकाण आहेच, पण पुरात माणसं बाहेर काढणारी, जेवण पोचवणारी पोरं तिथलीच असतात. आपल्या गल्लीत पाणी कुठून शिरतं याच्यावर तिथं जी उलटतपासणी होईल ती कुठल्याही तोंडी परीक्षेपेक्षा कडक असेल. अहवालातली चूक तिथं पहिल्या पाच मिनिटांत सापडते. त्या वाचनाला हजर राहणं परीक्षकांनाही बंधनकारक करावं.

यातल्या कशालाच नवा कायदा लागत नाही. संशोधन प्रकल्पाचे श्रेयांक आहेतच. दोन अभ्यासमंडळांनी एकमेकांच्या परीक्षकाला मान्यता द्यायची, आणि संयुक्त अहवाल चालेल असा ठराव करायचा. अभियांत्रिकीच्या एका महाविद्यालयानं आपल्या प्रकल्पाचा महिना थोडा सरकवला तर गटारींचं अर्धवट राहिलेलं कामही पुढं जाईल. सुरुवातीला एकच जागा घ्यावी. माझं मत बापट कॅम्पला आहे. मूर्तिकारांचं काम पावसाळ्याच्या बरंच आधी जोरात असतं, त्यामुळे ठराव उन्हाळ्यापूर्वी झाला पाहिजे. कोरडी साठवण कुठं, किती मूर्तींसाठी, किती दिवस आणि भाडं कोण देणार, हे चार प्रश्न आमच्या मुलांनी लिहून ठेवलेत. पुढच्या तुकडीनं तिथून सुरुवात करावी.